मकबूलचे बिल्ले

मकबूलला गाड्या सापडायच्या, मला त्या शोधाव्या लागायच्या. उस्मानाबादच्या मोटारअड्ड्यावर आम्ही दोघं एकाच खुर्चीत पाळीपाळीनं बसलो, एकाच खिडकीतून बाहेर बघितलं, पगारही सारखाच घेतला. तरी हा फरक शेवटपर्यंत राहिला. दिवाळी अंकासाठी नोकरीतल्या आठवणी लिहा असं संपादकांनी सांगितलं, तेव्हा पहिली आठवण आली ती ह्या फरकाची. म्हणजे तो अजून गेलेला नाही.

विलीनीकरणाला थोडीच वर्षं झाली होती. निजामाच्या अमदानीतलं मोटारखातं नव्या सरकारकडं आलं होतं. उर्दू पाट्यांवर देवनागरी अक्षरं चढली, पण माणसांच्या तोंडचे शब्द तसेच राहिले. गाडी निघाली की 'रवाना', आली की 'वापस'. पत्र्याची शेड, कडेला एक निंब, खाली बसलेले उतारू आणि त्यांच्या गाठोड्यांवर चढणाऱ्या शेळ्या, एवढा आमचा अड्डा. माझी आणि मकबूलची नेमणूक एकाच हुकमानं झाली. तो गावातलाच, त्याच्या वडिलांचं पत्र्याच्या पेट्यांचं दुकान होतं. मी शेतकऱ्याच्या घरातला, माने. परीक्षेत माझे गुण जास्त होते. हे इथंच सांगून टाकतो, कारण पुढं सांगायला जागा मिळणार नाही.

हुद्दा कंट्रोलरचा. लोकांना वाटायचं, गाडी कधी येणार ते सांगायला हा माणूस बसवलाय. ते काम सगळ्यात सोपं. 'येईल' म्हटलं की झालं. खरं काम निराळं होतं आणि ते समजायला गाडी आणि फेरी यांतला फरक समजायला हवा. गाडी म्हणजे लोखंड. त्यात ड्रायव्हर बसला, कंडक्टरनं दार ओढलं, मी 'रवाना' म्हटलं, की फेरी जन्माला येते. तेच लोखंड सकाळी बेंबळीची फेरी असतं आणि दुपारी तुळजापूरची. शेडमध्ये उभ्या लोखंडाचा मला ताप नव्हता, तो मिस्त्रीला. माझा ताप धावणाऱ्या फेऱ्यांचा. कोणती कुठं आहे, कोणती थांबलीय आणि का, कोणती संपली, कोणती संपायला हवी होती पण संपली नाही, हे सगळं एका माणसानं एका वेळी डोक्यात धरायचं. आणि गाडी एकदा वळणावरच्या बाभळीआड गेली की दिसायची बंद. पुढं काय झालं ते समोरून येणारा ड्रायव्हर सांगेल तेवढंच.

आणि ड्रायव्हर सांगायचे मकबूलला.

माझी पाळी असली की गाडी लावून ते निंबाखाली जायचे, बिडी ओढायचे. मी खिडकीतून विचारायचो, "वाटेत तुळजापूरची भेटली का?" उत्तर यायचं, "भेटली असंल की." तोच ड्रायव्हर मकबूल खुर्चीत बसला की आपणहून खिडकीशी. तुळजापूरची घाटात तापली, पाणी घालून निघाली, कंडक्टरच्या बायकोला दिवस गेलेत, सगळं. मकबूल मान हलवत ऐकायचा. "बरं झालं सांगितलंस भाई," म्हणायचा. त्याच्या पाळीत सगळ्या गाड्या जणू डोळ्यांसमोर धावायच्या. माझ्या पाळीत अर्ध्या अंधारात.

मीही एकदा प्रयत्न केला. शंकर वस्ताद म्हणून आमचे जुने ड्रायव्हर होते. ते आल्याबरोबर मी हॉटेलातून चहा मागवला आणि म्हणालो, "बसा वस्ताद. घरी सगळं ठीक ना?" वस्तादांचा चेहरा उतरला. कप तसाच हातात धरून ते म्हणाले, "काय चुकलं का साहेब माझं? कुनी तक्रार दिली का?"

मग मी माझ्या परीनं उपाय शोधला. माणसं बोलत नसतील तर वस्तूंनी बोलावं. मी भिंतीवर एक मोठी फळी ठोकून घेतली आणि तिला खिळे. प्रत्येक फेरीला एक नंबर, आणि त्या नंबराचे दोन पत्र्याचे बिल्ले. गाडी रवाना झाली की एक बिल्ला फळीवर 'रवाना'च्या खिळ्याला आणि दुसरा ड्रायव्हरच्या खिशात. तो वापस आला की खिशातला बिल्ला फळीवरच्या जोडीदाराशेजारी लटकवायचा. दोन्ही एकत्र आले की फेरी संपली. तोवर ती जिवंत. फळीकडं एकदा पाहिलं की सगळा जिल्हा दिसायचा. त्यासाठी कुणाच्या मनधरण्या नकोत.

बिल्ले कापायला पत्रा हवा होता. मकबूल म्हणाला, "अब्बाच्या दुकानात कातरण लई पडलंय, आणतो की." त्याच्या वडिलांनी ते सुबक कापून, कडा घासून, भोकं पाडून दिले. आठवड्यात ड्रायव्हर, कंडक्टर, मिस्त्री, झाडूवाला, सगळे त्यांना एकाच नावानं ओळखू लागले: मकबूलचे बिल्ले. पुढं शेजारच्या डेपोंनी ती पद्धत उचलली, तेव्हा तिकडूनही निरोप आला की मकबूलच्या बिल्ल्यांचा एक नमुना पाठवा. नमुना मीच बांधून पाठवला.

या बिल्ल्यांची एक गंमत सांगण्यासारखी आहे. एके दिवशी बेंबळीची फेरी वापस यायची वेळ टळून गेली. फळीवर तिचा एकच बिल्ला. मी वाट पाहिली, समोरून आलेल्यांना विचारलं, शेवटी मिस्त्रीला म्हणालो की शोधायला निघू. अवजारं घेतली, अड्ड्यात उभी होती ती गाडी काढली, आणि आम्ही बेंबळीच्या वाटेला लागलो. बरंच पुढं गेल्यावर मिस्त्रीनं डोकं खाजवलं. "मानेसाहेब, आपन बसलोय ती गाडी कोनती?" ती तीच होती. शंकर वस्ताद वेळेवर वापस आले होते, गाडी लावली होती, आणि बिल्ला खिशात घेऊन घरी जाऊन झोपले होते. गाडी आली होती, फेरी संपली होती, पण ज्याला कळायला हवं त्याला कुणी सांगितलं नव्हतं, म्हणून फळीवर ती धावतच होती. हा किस्सा मकबूलनं वर्षभर सांगितला. फार चांगला सांगायचा. मीसुद्धा हसायचो, कारण न हसून भागत नव्हतं.

माझी नात पुण्यात संगणकाचं काम करते. मागं ती सुट्टीला आली तेव्हा मी तिला हे सांगितलं, तर ती म्हणाली, "आजोबा, आमच्याकडं अगदी हेच असतं." यंत्राच्या आत एका वेळी शेकडो कामं चालू असतात, म्हणाली. लिहून ठेवलेला प्रोग्रॅम म्हणजे तुमचं लोखंड, तो चालायला लागला की ती फेरी. यंत्रात एक कारभारी असतो, तो प्रत्येक चालत्या कामाला नंबर देतो. कोणतं चालू, कोणतं कशासाठी अडून बसलंय, ते बघतो. एखादं काम संपलेलं असतं, पण ते संपल्याची नोंद ज्यानं घ्यायची त्यानं घेतलेली नसते, म्हणून यादीत तसंच दिसत राहतं. त्याला ते लोक भूत म्हणतात. आणि एकमेकांशी संबंध असलेल्या कामांचा एक गट करून त्याला एकच नंबर देतात. 'थांब' म्हटलं की अख्खा गट थांबतो, एकेकाला सांगावं लागत नाही. गट सुरू करणारं मूळ काम मध्येच संपलं, तर बाकीची पोरकी होतात. मग ती दुसऱ्या कुणाच्या तरी ओटीत घालावी लागतात.

मी विचारलं, "त्या कारभाऱ्याला ही कामं आपणहून सांगतात का, की आम्ही आलो, आम्ही अडलो?"

"सांगावंच लागतं. त्याच्या हातातून सुटून ती जाणार कुठं?"

त्या यंत्राचाही मला हेवा वाटला. तिला मी ते सांगितलं नाही.

तिचं ते गटाचं बोलणं मात्र मला नवं नव्हतं. नवरात्रात आणि कोजागिरीला तुळजापूरला अलोट गर्दी व्हायची. आमच्या गाड्या पुरायच्या नाहीत. मग लांबच्या डेपोंतून गाड्या उसन्या यायच्या, त्यांच्याबरोबर त्यांचे ड्रायव्हर. त्यांना ना इथली वाट ठाऊक ना ओढे. त्यांना एकेकटं सोडणं धोक्याचं. म्हणून मी जथे केले. तीन-चार गाड्यांचा एक जथा, सगळ्यांचे बिल्ले लाल आणि फळीवर एकाच खिळ्यात. पुढं आपल्या डेपोचा जाणता ड्रायव्हर, तो म्होरक्या. निरोप म्होरक्याला दिला की सगळ्यांना पोचला. म्होरक्या थांबला की सगळे थांबले. पाणी लागलं तर एकानंही एकट्यानं उतरायचं नाही. हा नियम रवाना करताना मी प्रत्येक ड्रायव्हरला स्वतः सांगायचो. त्यांना तो पाठ म्हणायला लावायचो, म्हणून मला मागं 'मास्तर' म्हणत. मकबूल त्यांना नुसतं म्हणायचा, "संभाळून जा रे भाई," आणि ते संभाळून जायचे.

एका वर्षी नुकतीच कोजागिरी झाली होती. तुळजापूरहून परतणारी माणसं उस्मानाबादेत उतरत आणि पुढं आपापल्या गावाकडं जात. बेंबळी, माकणी, सास्तूर या वाटेच्या लोकांसाठी मी चार गाड्यांचा जथा लावला. म्होरक्या शंकर वस्ताद. मागच्या तिन्ही गाड्या उसन्या. त्यांतला एक ड्रायव्हर नांदेडकडचा, नारायण नावाचा, नवाच भरती झालेला. नियम म्हणताना तो दोनदा चुकला. मी तिसऱ्यांदा म्हणायला लावला. मकबूलची त्या दिवशी सुट्टी होती, पण तो सुट्टीच्या दिवशीही अड्ड्यावर येऊन बसायचा. मागं उभा राहून तो हसला. "माने, त्याला नमाज शिकवतोस का काय?"

जथा रवाना झाला. दुपार कलली तेव्हा भुसार घेऊन आलेला एक लॉरीवाला अड्ड्यावर आला. माझ्या खिडकीशी नव्हे, त्याला मकबूल निंबाखाली दिसला होता. मकबूलला तो म्हणाला, की तिकडं वरच्या अंगाला ढगफुटीसारखा पाऊस झालाय आणि बेंबळीच्या पुढचा ओढा भरायला लागलाय. मकबूल धावत आत आला. मी बेंबळीच्या पोलीस ठाण्यात फोन लावला. लागायला वेळ लागला. जमादार बोलले.

"हायेत की गाड्या. एक हाय. ठान्याम्होरंच उभी हाय."

"एकच? ड्रायव्हर कोण?"

"म्हाताराच हाय जरा. पोटात कळ आली म्हनून दवाखान्यात निजवलाय. शंकर का कोन."

"आणि बाकीच्या तीन?"

"त्या गेल्या की म्होरं. लोकं ऐकंनात. सनाचं दीस, घरी जायची घाई. ह्या गाडीतले बी त्यांच्यातच कोंबले."

म्होरक्या पडला होता आणि जथा पोरका होऊन पुढं गेला होता. मी फोन ठेवला.  मकबूल मिस्त्रीची लॉरी सुरू करायला गेला, मी दोर आणि फळ्या टाकल्या, आणि मिस्त्रीला घेऊन आम्ही तिघं निघालो. वाटेत मी म्हणालो, "वस्तादांनी त्यांना थांबवायला पाहिजे होतं." मकबूल म्हणाला, "पोटात कळ आल्यावर मानूस स्वतःला थांबवू शकत न्हाई, माने." त्याचं बरोबर होतं. तेही मला आवडलं नाही.

ओढ्याशी पोचलो तेव्हा वर लख्ख ऊन होतं. इथं एक थेंब पडला नव्हता. ओढ्यावर तेव्हा पूल नव्हता, दगडी फरशी होती; पाणी चढलं की तिच्यावरून वाहायचं. नारायणाची गाडी फरशीच्या मधोमध बंद पडली होती. पाणी तिच्या पायरीला लागलं होतं, गढूळ, आवाज करणारं. आत माणसं दाटीवाटीनं, बायकांचं रडणं इकडं ऐकू येत होतं. बाकीच्या दोन गाड्या अलीकडं, उतारावर, एकीच्या मागं एक उभ्या होत्या.

मकबूल सरळ काठावर गेला आणि ओरडला, "ए भाई, गाडी सोड. लोकान्ला मागच्या दारातून काढ. मी दोर टाकतो."

नारायणानं स्टिअरिंग घट्ट धरलं होतं. खिडकीतून डोकं काढून तो म्हणाला, "तुम्ही कोण?"

अख्ख्या जिल्ह्यात मकबूलला हा प्रश्न विचारणारा तो पहिला माणूस असावा. अशा वेळीसुद्धा माझ्या मनाला क्षणभर गुदगुली झाली.

"गाडी सोडली तर माझी नोकरी जाईल," नारायण ओरडला. "हुकूम कुणाचा हाय?"

तो खोटं बोलत नव्हता. उतारूंसह फेरी वाटेत टाकणं म्हणजे घरी जाणं, हे भरतीच्या पहिल्या दिवशी सांगितलं जायचं. आणि तसा हुकूम देण्याचा अधिकार कंट्रोलरला नव्हता. तो वरच्या साहेबाचा. साहेब होते लांब, त्यांच्यापर्यंत फोन लागायला संध्याकाळ झाली असती.

मी पुढं झालो. "नारायण, मला ओळखलंस का? आज मीच तुला रवाना केलं. माने. कंट्रोलर."

"व्हय साहेब."

"जथा मोडला. तुझी फेरी इथं संपली. गाडी सोड आणि माणसं काढ. माझा हुकूम आहे."

त्यानं स्टिअरिंग सोडलं. मला ते काठावरून दिसलं, की त्याचे हात खाली आले आणि खांदेही. तो मागच्या दाराकडं गेला. मकबूलनं दोराचं एक टोक लॉरीला बांधलं, दुसरं कंबरेला, आणि तो पाण्यात उतरला.

पुढचं सगळं जिल्ह्याला ठाऊक आहे. मला नाही. कारण तेवढ्यात माझ्या पाठीमागं इंजिन घुरघुरलं. दुसरी गाडी उतारावरून पाण्याकडं सरकत होती. तिच्यातल्या लोकांची माणसं पुढच्या गाडीत होती. कुणाची बहीण, कुणाचा बाप. ते ड्रायव्हरच्या मागं उभे राहून ओरडत होते, की गाडी पुढं घे, तिला दोर बांध, ओढून काढ. तो बिचारा परक्या मुलखातला. ऐकत होता. त्याच्या मागं तिसरीही हलली.

मी जाऊन दुसऱ्या गाडीच्या नाकासमोर उभा राहिलो. बोनटवर दोन्ही हात टेकले. "मागं," मी म्हणालो. "आधी मागची मागं जाईल, मग तू."

"साहेब, हे लोक..."

"लोकांचं मी बघतो. तुझा नंबर माझ्या खिळ्याला आहे. मागं."

लोक खाली उतरले. एक पागोटेवाले आजोबा माझ्या अंगावर आले. "आमची मानसं तिथं मरत्यात आन् तू आमाला मागं नेतूस?" कुणीतरी ढेकूळ मारलं, ते कानाला लागलं. एक बाई पदर पसरून शिव्या देत होती. मी त्यांना काय सांगणार? ही उताराची माती भिजतेय, ती गाडीचा भार धरणार नाही, एक अडकली आहे ती अडकलीच आहे, पण तिच्या मागं दुसऱ्या दोन जाता कामा नयेत? ऐकून घेणारं कुणी नव्हतं. मी फक्त 'मागं, मागं' म्हणत राहिलो. मिस्त्री मागं जाऊन तिसरीला वाट दाखवू लागला. ती हळूहळू चढली. मग दुसरी. मी बोनटवर हात ठेवून तिच्याबरोबर एकेक पाऊल चालत वर गेलो, ओढ्याकडं पाठ करून. पाठीमागं मधूनमधून लोकांचा गलका उठायचा. एकेक माणूस बाहेर येत असणार, एवढंच मला कळायचं. वळून बघायची सोय नव्हती. मी वळलो असतो तर ड्रायव्हरचाही पाय क्लचवरून निघाला असता.

गाड्या माळावर चढल्या, पक्क्या जमिनीवर आल्या, तेव्हा मी वळलो. दोन्ही गाड्या जिथं उभ्या होत्या तो उतार पाण्यानं खाल्ला होता. एक मोठा लचका तुटून गेला होता. त्याच्याकडं कुणाचंही लक्ष नव्हतं. सगळे मकबूलकडं बघत होते. तो शेवटचं मूल खांद्यावर घेऊन बाहेर आला होता, नारायण त्याच्या मागं दोर धरून. सगळी माणसं निघाली होती. थोड्या वेळानं रिकामी गाडी फरशीवरून कलली आणि आवाज न करता ओढ्यात पडली.

पाणी ओसरल्यावर गाडी काढली, पण ती पुन्हा कधी धावली नाही. चौकशी बसली. गाडी सोडण्याचा हुकूम कुणी दिला, असं साहेबांनी विचारलं. मी म्हणालो, मी दिला. अधिकार होता का? नव्हता. साहेब लिहीत होते, तेवढ्यात मकबूल उठून उभा राहिला. "साहब, हुकूम हम दोनोंका था. मानेला एकट्याला धरू नका."

त्यानं ते चांगल्या मनानं केलं, हे मला तेव्हाही कळत होतं आणि आजही कळतं. पण त्या दिवसातली एकच गोष्ट सबंध माझी होती, आणि तिच्यातही तो वाटेकरी झाला. माझी बढती लांबली. त्याचीही लांबायची, पण बेंबळीच्या लोकांनी वर अर्ज केला, मग त्याची नाही लांबली.

बेंबळीत त्याचा सत्कार झाला. फेटा, नारळ, हार. भाषणात त्यानं माझं नाव घेतलं. "मानेसाहेब भी होते," म्हणाला, आणि मला वर बोलावलं. मी वर गेलो. लोकांनी टाळ्या वाजवल्या, पाहुण्याला वाजवतात तशा. गर्दीत ते पागोटेवाले आजोबा होते, ते मला ओळखून शेजारच्याच्या कानाशी लागले. मकबूलनं आपला हार काढून माझ्या गळ्यात घातला. एखादा माणूस दुष्ट असला की त्याचा हेवा करणं सोपं जातं. मकबूलनं मला ती सोय कधी दिली नाही.

एक गोष्ट मात्र माझ्या वाट्याला आली. पुढच्या वर्षी जत्रेला नारायणाची गाडी पुन्हा उसनी आली. मकबूलची पाळी होती, मी नुसता टपाल न्यायला आलो होतो. नारायण गाडी लावून आला, मकबूल बसला होता त्या खिडकीपुढून सरळ गेला, आणि दारात माझ्यापाशी उभा राहिला. "साहेब, नांदेडची गाडी आली. वाटेत काही अडलं नाही." मी म्हणालो, "ठीक आहे." त्याला आणखी काय म्हणावं ते मला सुचलं नाही. मकबूलला सुचलं असतं.

नंतर मकबूल मोठ्या कचेरीत गेला, औरंगाबादेकडं. फळी आणि खुर्ची माझी एकट्याची झाली. ड्रायव्हर विचारायचे, "मकबूलभाईंची काय खबर?" मी खबर ठेवायचो, कारण विचारणारे फार होते. मला निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली आणि मग त्याचा मुलगा सांगायला आला, की अब्बा गेले. मी गेलो होतो. कबरस्तानाबाहेर इतके जुने ड्रायव्हर उभे होते, की मी मनातल्या मनात मोजायला लागलो की माझ्यावेळी यांतले किती येतील, आणि मग मोजायचं सोडून दिलं.

मागच्या वर्षी नातलगाच्या लग्नाला माकणीला निघालो होतो. बेंबळीच्या थांब्यावर गाडी बदलायची होती. बाकावर माझ्याच वयाची एक बाई बसली होती. बोलता बोलता ओढ्याचा विषय निघाला, आता तिथं पूल झालाय म्हणून. ती म्हणाली, "म्या व्हते त्या गाडीत. फरशीवर अडकलेल्या. मकबूलभाईनं डायव्हरला हुकूम दिला, गाडी सोड म्हनून, आन् आमाला एकेकाला काढलं. देवमानूस."

मी गप्प बसायला हवं होतं. या वयात तरी. पण बसवलं नाही. "तो हुकूम मी दिला होता, बाई. मी कंट्रोलर होतो."

तिनं मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "तुमी? मग पान्यात का न्हाई उतरला?"

"मागं आणखी दोन गाड्या होत्या. त्या पाण्यात यायला लागल्या होत्या. त्यांना मागं घेत होतो."

 मग तिच्या चेहऱ्यावर ओळख पटल्यासारखं काहीतरी आलं.

"आसंल," ती म्हणाली. "माझी जाऊ व्हती मागल्या गाडीत. ती मरस्तवर चिडायची. म्हनायची, कोन एक येडा साहेब आडवा आला, त्यानं आमाला ढकलत माळावर नेलं. सगळ्या गावानं मकबूलभाईला बघितलं, आन् मला काय दिसलंच न्हाई."

माझी गाडी लागली होती. उठताना मी तिला तिच्या जावेचं नाव विचारलं. कोंडाबाई. घर भरून नातवंडं बघून गेली, असं ती म्हणाली.